अख्खा दिवस नुसता समुद्रात, बाबा काय करणार?

काटाकिर्र_०९

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जायचं ठरवालोय. वेळापत्रकात दुसऱ्या दिवसापुढं नुसतं ‘अ‍ॅट सी’ लिहिलंय. म्हणजे कुठं उतरायचं नाही, देऊळ नाही, बाजार नाही. आईचं काही नाही, ती कुठंही रमते. प्रश्न बाबांचा. एस्टीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. अजून माझ्या गाडीत शेजारी बसले की पाय आपोआप ब्रेक दाबतो. पंढरपूरला गेलो तर दर्शन झाल्या झाल्या ‘चला, निघूया’. असा माणूस चोवीस तास पाण्याकडं बघत बसेल का? आई म्हणते, एका दिवसाचे पैसे पाण्यात. शब्दशः.

कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर खरं काय ते सांगा. जहाजावर काय काय आहे ते कंपनीच्या जाहिरातीत वाचलंय, ते नको.

तांबडा_पांढरा

भावा, रंकाळ्यात बोटिंग कर. अर्ध्या तासात परत, वर भेळ.

पेठेतली_काकू

वरच्याकडं लक्ष देऊ नका. आम्ही मागच्या जानेवारीत जाऊन आलो, हाच मार्ग. (मी बाई आहे. पुढं ‘मी गेलो, मी उठलो’ वाचून पुण्यामुंबईच्यांनी घोळ घालू नये. कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.)

बरोबर आमचे मामा, म्हणजे सासरे. वय ७८. जन्म गुळाच्या अडतीत गेला. घरात बसवत नाही म्हणून अजून पहाटे साडेचारला उठून रंकाळ्यावर जातात. मलाही तुमच्यासारखीच धास्ती होती. नवऱ्याला म्हटलं, हे दुपारपर्यंत कप्तानाला गाडी वळवायला लावणार.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, तिथनं टॅक्सीनं जवळच. सामान तपासताना माझी कांदा-लसूण चटणीची बरणी मशिनात दिसली आणि ठेवून घेतली. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. टोकन देऊन परत येताना दिली, पण मधले सगळे दिवस लाल रंगाच्या गोडसर पाण्याला रस्सा म्हणून खाल्लं. एवढी एक तक्रार सोडली तर मला काही बोलायचं नाही.

आता तुमचा तो रिकामा दिवस. मामांनी पावणेसहाला आमच्या खोलीचं दार वाजवलं. वरच्या डेकवर गेलो तर पुसणारी दोन पोरं आणि आम्ही, बाकी शुकशुकाट. जहाज रातभर दक्षिणेला चाललेलं, किनारा डावीकडं कुठंतरी लांब, दिसत काहीच नाही. आणि पाण्यातनं सूर्य वर आला. तुम्ही म्हणाल त्यात काय. अहो, आपण गणपतीपुळ्याला जातो, मालवणला जातो, आपल्याकडं समुद्रात सूर्य बुडतो. उगवतो तो डोंगरामागनं. समुद्रातनं उगवताना मामांनी ७८ वर्षांत पहिल्यांदा बघितला. हात जोडले आणि मग बराच वेळ हात तसेच राहिले.

नंतर ते मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पंख्यानं घुसळलेलं पाणी, पांढरा फेस, त्याखाली निळं-हिरवं. मला म्हणाले, “काहिलीत मळी येतीया बघ.” गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापला की वर मळीचा फेस धरतो, तो झाऱ्यानं काढत बसायचं असतं. तो बघत माणूस तासभर उभा राहिला. मी दोनदा चहा नेऊन दिला.

साडेनऊच्या सुमाराला एकदम ओरडले, “अगं, चिमण्या!” समुद्रात चिमण्या कुठनं येणार? बघितलं तर मासे. बोटाएवढाले, चंदेरी, लाटेतनं थव्यानं सुटायचे, पाण्याला न लागता चांगले लांब जायचे आणि टुपकन आत. उडते मासे. जहाज आलं की बिचारे घाबरून उडतात. त्यानंतर मामा कठडा सोडायला तयार नाहीत. जेवायला बोलवायला गेलो तर म्हणतात, माझं ताट इकडं आण.

दुपारी मात्र झोपले. सगळेच झोपतात. मोबाईलची रेंज मुंबई सुटल्यावर थोड्या वेळात जाते, त्यामुळं कुणाचा फोन नाही, अडतीवरचा भाव नाही. (फोन विमान मोडवर टाकायला विसरू नका. जहाजाचं सॅटेलाइटचं नेटवर्क धरलं तर बिल बघून चक्कर येईल, आणि ती बोट लागल्यामुळं नसेल.) उठल्यावर त्यांना एकच काळजी, एवढ्या माणसांच्या अंघोळीला गोडं पाणी येतं कुठनं? एका वेटरला धरून विचारलं. समुद्राचंच पाणी जहाजावर गोडं करतात म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत भेटेल त्या प्रत्येकाला तेच सांगत सुटले.

एकच करा. त्या दिवसाचा कार्यक्रम आखू नका. आम्ही तंबोला, नाचाचा क्लास, काय काय लिहून ठेवलं होतं. एकालाही गेलो नाही.

सांगलीकर_बरं_का

थोडं दुसरंही सांगतो. आमच्या वेळी स्विमिंग पूलजवळ सकाळी अकरापासून डीजे. पूल म्हणजे जरा मोठी काहीलच, काकूंच्या भाषेत. खुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून जागा धरतात, एस्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकावा तसं. तुमच्या बाबांना सवय असेल म्हणा. शांतता हवी तर पूलच्या डेकवर बसू नका, खालच्या डेकवर बाजूनं चालायची वाट असते तिथं जा. आणि बिनखिडकीची स्वस्तातली खोली घेऊ नका. सकाळ झाली का रात्र आहे, कळत नाही. आमच्या आईला गुदमरायला झालं.

दर्यावर्दी_गडहिंग्लज

मालवाहू जहाजांवर इंजिनात १४ वर्षं काढलीत, म्हणून लिहितो.

खोली जहाजाच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. सी-सॉ आठवा, टोकाला जास्त वरखाली होतं. प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंख असतात, त्यानं डोलणं बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही. दिवाळीनंतर अरबी समुद्र साधारण शांत असतो. पावसाळ्यात असता तर मी जाऊच नका म्हटलं असतं. गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. मळमळलं तर खोलीत झोपून मोबाईल बघू नका, वर येऊन क्षितिजाकडं बघा.

निघताना भोंग्याचा सराव होतो, म्हणजे संकट आलं तर काय करायचं त्याचा. सात छोटे आणि एक लांब. कंटाळा येतो, तरी आईबाबांना घेऊन जाच.

आणि लक्षद्वीपला मोठं जहाज बाहेर थांबतं, बेटावर छोट्या होड्यांनी नेतात. लाटा जास्त असल्या तर उतरवत नाहीत. म्हणजे ‘अ‍ॅट सी’चा एक दिवस आणखी वाढू शकतो. मनाची तयारी ठेवा.

काटाकिर्र_०९

काकू, सगळं बाबांना वाचून दाखवलं. उडत्या माशांवर विश्वास नाही. पण गडहिंग्लजच्या दादांना एक प्रश्न विचारायला सांगितलाय: जहाजाला ब्रेक असतो का?

दर्यावर्दी_गडहिंग्लज

नसतो. पंखे उलटे फिरवायचे आणि वाट बघायची. पूर्ण वेगात असेल तर थांबेपर्यंत किलोमीटरभर सहज जातं. रंकाळा स्टँडवर ब्रेक मारलात तर गाडी बिंदू चौकात उभी राहणार, असं सांगा त्यांना.

काटाकिर्र_०९

सांगितलं. जरा वेळ गप्प होते. आता म्हणतात, मग मी पुढंच बसणार.