लंबक भंगारात टाका म्हणे!

जुळेसोलापूरचा_मास्तर: काल इथं एकानं लिहिलं, g (गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग, 9.8 च्या आसपास) काढायचा लंबक न् स्टॉपवॉच भंगारात टाका, पोरांना मोबाइलवर पडणारा चेंडू शूट करायला लावा, ट्रॅकरमध्ये (व्हिडिओतनं फ्रेमगणिक जागा मोजणारं सॉफ्टवेअर) घाला, ग्राफ आपोआप येतो. आपोआप! मागच्या वर्षी अकरावीला करून बसलोय म्हणून बोलतो. मोबाइल भिंतीपासून 3 मीटरवर, मीटरपट्टी भिंतीला चिकटवलेली आणि पोरगं चेंडू सोडतंय भिंतीच्या अर्धा मीटर पुढून. g आला 11.8. कुणाला काही खटकलं नाही, कारण ग्राफ कॉम्प्युटरनं काढलेला, देखणा. दोन मीटरवरनं चेंडू 0.64 सेकंदात खाली, सेकंदाला 30 फ्रेमच्या मोबाइलवर जेमतेम 19 ठिपके, त्यातनं प्रवेग काढला की ग्राफला करवतीचे दाते. लंबकाची 20 आंदोलनं मोजताना पोरगं निदान डोळे उघडे ठेवतं.

बारावी_नापास_नाही: सर 11.8 आला हाच तर धडा होता की. पट्टी मोबाइलपासून दूर म्हणून बारीक दिसली, चेंडू जवळ, म्हणून अंतर जास्त मोजलं गेलं. तो तास फळ्यावर घेतला असता तर जन्मभर लक्षात राहिलं असतं. आणि लंबकाचं कौतुक आम्हाला नका सांगू, आमच्या जर्नलमध्ये g कायम 9.8, कारण आधी उत्तर लिहून मग वेळ मागनं बसवायची. दोऱ्याला हात लावलेला नाही आम्ही.

जुळेसोलापूरचा_मास्तर: तो दोष लंबकाचा का तुमचा?

बारावी_नापास_नाही: सही तुमच्यासारख्यांचीच असते सर जर्नलवर.

मागवाला: भांडता कशाला बे. आमच्या घरात चादरीचा माग हाय. पोरानं धोट्याचा (आडवा धागा इकडनं तिकडं नेतो तो) व्हिडिओ काढला तर नुसता फराटा, दोन-तीन फ्रेममध्ये धोटा इकडनं तिकडं. मग स्लोमोशनला सेकंदाला 240 फ्रेमवर घेतला तवा दिसला. म्हणतो पप्पा, मधे सारख्या वेगानं जातो, कडेच्या पेटीत आला की एकदम थांबतो, म्हणून तिथंच लाकूड झिजतंय. मला 30 वर्सं म्हाईत हाय, पण त्याला कुणी न सांगता कळलं.

होटगीरोडकर: माग कशाला, आपल्याकडं चिमणी आहे ना! सिद्धेश्वर साखर कारखान्याची, 15 जून 2023 ला पाडली, व्हिडिओ प्रत्येकाकडं. उंच दांडा बुडातनं कलंडला तर शेवटी शेवटी शेंडा g पेक्षा जास्त प्रवेगानं खाली येतो, पोरांना खरंच वाटत नाही.

ऊसवाला_उत्तर_सोलापूर: चिमणी पडली ते तुम्हाला प्रयोग वाटतोय? आमचा ऊस जायचा तिथं. तुम्हाला विमान पाहिजे होतं, चिमणी त्याच्या वाटेत उंच येत होती म्हणून पाडली.

होटगीरोडकर: मग आलं ना विमान, 2025 ला गोव्याचं सुरू झालं.

ऊसवाला_उत्तर_सोलापूर: हो, ऊस घेऊन गोव्याला जातो आता. नळाला पाणी चार-चार दिवसांनी आणि हे बीचवर.

होटगीरोडकर: सगळ्यात राजकारण आणायचंच का? धंदा यायचा तर विमान लागतंच. पोरं पुण्याला पळाली ती काय ऊस नाही म्हणून?

ऊसवाला_उत्तर_सोलापूर: माझा पण पुण्यातच आहे. एसटीनं येतो.

जुळेसोलापूरचा_मास्तर: धागा फिजिक्सचा होता. बरं, मागवाल्यांच्या पोराचं मान्य, त्याला शंभर मार्क. या वेळी पट्टी चेंडूच्या रेषेत धरून परत घेतो, त्या नापास-नाही साहेबांच्या समाधानासाठी. लंबक कपाटातच राहील. आणि चिमणी वगैरे विसरा, मोबाइल हातात हलतोय, वर झूम चालू, स्केल कशाची धरणार?

मागवाला: चिमणीचीच उंची धरा की.

ऊसवाला_उत्तर_सोलापूर: उंचीवरनंच तर सगळं झालतं.