वायफायचा पासवर्ड बदलला, तरी अँटिव्हायरस म्हणतो राउटरचा पासवर्ड कमकुवत

प्रश्न (फायबरकर)
अँटिव्हायरसच्या नेटवर्क स्कॅनमध्ये १९२.१६८.१.१ समोर लाल खूण येते, ‘राउटरचा पासवर्ड कमकुवत आहे’. वायफायला आधी मोबाइल नंबरच पासवर्ड होता. तो बदलून १६ अक्षरी केला, राउटर बंद-चालू केला, तरी इशारा तोच. राउटर केबलवाल्यानेच बसवलेला आहे. इशारा खोटा समजायचा का? की रीसेट मारू?

तारयंत्र
इशारा खरा आहे, आणि रीसेटच्या भोकात टाचणी अजिबात घालू नका. रीसेटने पासवर्ड कंपनीच्या मूळ ‘अ‍ॅडमिन’वर परत जातो. शिवाय पीपीपीओईचं (केबलवाल्याच्या नेटला जोडणाऱ्या लॉगिनचं) युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांक (त्याच्या जाळ्यातला तुमच्या जोडणीचा क्रमांक) पुसले गेले, तर केबलवाला येईपर्यंत नेट बंद.

पासवर्ड दोन असतात. एक वायफायला जोडण्याचा, दुसरा राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा. तुम्ही पहिला बदललात. अँटिव्हायरस मात्र राउटरच्या लॉगिन पानावर नेहमीच्या जोड्या (अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, युजर-युजर वगैरे) घालून पाहतो, आणि एक जरी चालली तरी इशारा देतो.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. मागच्या स्टिकरवरच्या युजरनेम-पासवर्डने आत जा. मॅनेजमेंट, सिस्टिम टूल्स किंवा मेंटेनन्स यांपैकी एकात पासवर्ड बदलायची जागा सापडेल. नवा पासवर्ड वायफायपेक्षा वेगळा ठेवा. काही जुने राउटर ठरावीक लांबीपुढची अक्षरं न सांगताच कापतात, म्हणून लॉगआउट करून लगेच परत आत जाऊन बघा.

गणपुले
पहिला बदललात तेही बरंच झालं. मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता जेमतेम ४०० कोटी. जोडणीच्या वेळची देवाणघेवाण एकदा हवेतून पकडली, की पुढचं काम राउटरपासून लांब बसूनही होतं. सेकंदाला १० लाख अंदाज तपासणारं ग्राफिक कार्ड ही यादी तासा-सव्वातासात संपवतं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन किंवा बटणाने वायफाय जोडायची सोय, तीही बंद करा. त्याचा पिन ८ अंकी असला तरी राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात.

फायबरकर
लॉगिन पासवर्ड बदलला. पण घरात बाहेरचं कोणी वायफाय वापरत नाही, मग धोका नक्की कुणापासून?

तारयंत्र
तुमच्याच ब्राउझरपासून. एखाद्या वेबपानातली स्क्रिप्ट गुपचूप १९२.१६८.१.१ ला विनंती पाठवते. मूळ पासवर्ड चालला, की राउटरचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलते. मग बँकेचा पत्ता अचूक टाइप करूनही तुम्ही भलत्याच सर्व्हरवर पोहोचता. संगणकात व्हायरस नसतोच, त्यामुळे फाइल स्कॅनमध्ये काही सापडत नाही. २०१८मध्ये घोस्टडीएनएस या मोहिमेत एक लाखाहून अधिक राउटर असे फिरवले गेले होते, बहुतेक ब्राझीलमधले.

म्हणून आता राउटरच्या सेटिंग्जमधल्या वॅन (बाहेरची जोडणी) आणि डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणं) या दोन्ही पानांवरचे डीएनएस बघा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असेल तर ते गूगल आणि क्लाउडफ्लेअरचे. ‘ऑटो’ असेल तर केबलवाल्याचे. याखेरीज अनोळखी आकडा दिसला तर आधी केबलवाल्याला विचारा. त्याचा नसेल तर बदला आणि घरातले सगळे फोन वायफायवरून तोडून परत जोडा, नाहीतर ते जुनाच डीएनएस धरून बसतात. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग्ज उघडायची सोय, तीही बंद.

फायबरकर
डीएनएस ऑटोवर होता. बाकी सगळं केलं. स्कॅन अजून लाल.

गणपुले
मग दुसरं खातं आहे. फायबरच्या डब्यात बहुधा एक ग्राहकाचं आणि एक केबलवाल्याचं अशी दोन लॉगिनं असतात, आणि दुसऱ्याचा पासवर्ड अनेकदा मूळचाच राहतो. तुमच्या लॉगिनमधून ते दिसणारही नाही. केबलवाल्याला सांगून तो बदलून घ्या आणि टेलनेट (दुरून लॉगिन करून आज्ञा द्यायची जुनी वाट, पोर्ट २३) बंद करायला लावा. २०१६चा मिराई हा व्हायरस मूळ पासवर्डांची जेमतेम साठेक जोड्यांची यादी घेऊन टेलनेटवरूनच शिरत होता. तो फक्त मेमरीत राहायचा, त्यामुळे राउटर बंद-चालू केला की जायचा. पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत लागण व्हायची.

पोर्ट ७५४७ उघडा दिसला तर तो केबलवाल्याच्या दूरस्थ देखभालीचा असतो. बंद करून मागू नका, फक्त त्यांच्याच सर्व्हरपुरता मर्यादित करून घ्या.