मदत हवी आहे : मित्र सीमेवर गेलाय, वहिनींच्या बाळंतपणाचं कसं करायचं?

माझा साताऱ्याचा मित्र सैन्यात आहे. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुट्टी रद्द झाली, तो जम्मूकडे गेला. ७ मेपासून फोन लागत नाही. युनिट कुठं आहे हे कृपया कुणी विचारू नका.

वहिनींना सातवा महिना आहे. बाळंतपणासाठी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला (सैन्याच्या दवाखान्यात) न्यायचं आहे. डिपेंडंट कार्ड (जवानाच्या कुटुंबीयांचं ओळखपत्र) त्याच्याबरोबरच गेलं. कार्डाशिवाय नाव नोंदवतात का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यात काही करू शकतं, की ते फक्त माजी सैनिकांसाठी? आणि '५६ एपीओ'च्या (सैन्याच्या टपाल कार्यालयाच्या) पत्त्यावर सध्या पत्र पोचतं का? स्पीड पोस्ट करावं की साधं? फौजी घरातल्या ताई-दादांनी अनुभवाचं सांगा.

अजून एक, आणि हे बोलल्याशिवाय राहवत नाही. २४ एप्रिलला दिल्लीत सर्वपक्षीय बैठक होती, त्या दिवशी पंतप्रधान बिहारमध्ये मधुबनीच्या सभेत होते. विरोधकांनी विशेष अधिवेशन मागितलं, ते बोलावलं नाही. हल्ला झाला त्या बैसरनला बंदोबस्त का नव्हता, याचं उत्तर संसदेत द्यायला नको? पोरं सीमेवर आणि पुढाऱ्यांचे फोटो फ्लेक्सवर, याची फार चीड येते. मित्राच्या कामाबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच पाठवणाऱ्यांनी जबाबदारीनं वागावं असं वाटतं.

आमच्या खासदारांना पत्र लिहायचं आहे. ते नुसतं फायलीत पडू नये म्हणून कसं लिहावं? गावातल्या लोकांच्या सह्या घेतल्या तर उपयोग होतो का?