सव्वाशे युरोत सेरापिसचं नाणं: कोणतं घ्यावं?

नीलतीर: नमस्कार मंडळी. सध्या जर्मनीत आहे. अलेक्झांड्रियात पाडलेलं, सेरापिस असलेलं एक अस्सल नाणं घ्यायचंय. ओसिरिस-एपिस हे इजिप्तचे देव त्यात एकवटलेले, दाढी-केस थेट ग्रीकांच्या झ्यूसचे, डोक्यावर धान्याचं माप. या देवाने वेड लावलंय. बजेट शंभर युरो, फार तर सव्वाशे. काय बघून घेऊ?

कुशाणप्रेमी: कुशाण राजा हुविष्काचं सोन्याचं नाणं घ्या. मागे ग्रीक लिपीत चक्क 'सारापो' लिहिलेलं असतं. अलेक्झांड्रियाचा देव कुशाणांच्या टांकसाळीत पोचला, याहून भारी काय! लिलावाआधी एकदा हातात घेऊन पाहिलंय.

नीलतीर: दादा, सव्वाशे युरो म्हटलंय हो.

कुशाणप्रेमी: मग साठवा. दहा फुटकळ घेण्यापेक्षा एकच घ्या.

जुनंखोड: रोमन सम्राट हेड्रियनचा टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्मांचं चांदीचं नाणं बघा, मागे सेरापिसचं मस्तक असलेला. चांदी हिणकस असते, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तर जवळपास तांबंच उरतं, त्यामुळे उशिराची स्वस्त मिळतात. पण त्यातल्या पुष्कळांवर गरुडच. मागच्या बाजूला इंग्रजी एलसारखी खूण दिसेल, तिच्यापुढे ग्रीक अक्षरांत राज्यवर्ष. माझ्याकडचं वर्ष २ चं आहे, म्हणजे इ.स. ११८-११९.

पंचांगवाला: ११७-११८! हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ ला गादीवर आला आणि इजिप्तचं नवं वर्ष २९ ऑगस्टला सुरू झालं. त्याचं पहिलं वर्ष जेमतेम अठरा दिवसांचं.

जुनंखोड: बरोबर. तरी माझं नाणं देखणंच आहे.

शरयू: इजिप्तमध्ये लक्सरला एका फेरीवाल्याने माझ्या भावाच्या गळ्यात 'टॉलेमीचं', म्हणजे इजिप्तच्या जुन्या ग्रीक राजाचं, नाणं मारलं. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर कडेने सगळीकडे साच्याची शिवण. जुनी नाणी ठोकून पाडलेली असतात, शिवण कशी येईल? आणि ते खरं निघालं असतं तर आणखी पंचाईत. इजिप्तमधून पुरावस्तू बाहेर नेणं १९८३ च्या कायद्याने बंद आहे. कागदपत्रं नसतील तर घेऊच नका.

मेंफिसकर: सेरापिस टॉलेमी पहिल्याने 'बनवला' असं सगळे लिहितात. मेंफिसला ओसिरिस-एपिसची पूजा त्याच्या आधीपासून होती. त्याने ग्रीक रूप दिलं आणि राजाश्रय दिला, इतकंच.

शरयू: धागा खरेदीचा आहे.

तांबटआळी: टॉलेमींची जाड तांब्याची नाणी घ्या. पुढे मेंढ्याच्या शिंगाचा झ्यूस-अमोन, मागे वज्रावर गरुड. बजेटमध्ये आरामात बसतात. मधोमध खळगा असतो, नवखे त्याला खराबी समजून सोडतात. तो पाडतानाचाच आहे. फक्त फिकट हिरवी भुकटी दिसली तर हात लावू नका, तो ब्राँझ डिसीज, नाणं खात जातो.

कोकणस्थित: टेट्राड्रॅक्मच घ्या. आणि शरयूताई म्हणाल्या तसं, कागद बघा. भारतात आणणार असाल तर आणखी एक: आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, मग पुन्हा परदेशी नेता येत नाही.

नीलतीर: सगळ्यांचे आभार. घेतलं! सेरापिस नाही, टेट्राड्रॅक्मही नाही. अँटोनायनस पायसचा मोठा तांब्याचा ड्रॅक्मा, भरपूर झिजलेला. सम्राटाचं नाकही धड नाही. पण मागे इसिस फारिया दोन्ही हातांनी फुगलेलं शीड धरून उभी आहे, समोर अलेक्झांड्रियाचा प्रसिद्ध फारोसचा दीपस्तंभ, शिडाची एकेक घडी बोटाला लागते. इजिप्तची देवी ग्रीक वस्त्रात, खलाशांची राखण करणारी. दुकानदाराने जुन्या संग्रहाची पावती दिली. एकशे चाळीस पडले.

जुनंखोड: झिजलेल्याला एकशे चाळीस? एवढ्यात माझ्यासारखा टेट्राड्रॅक्म आला असता.

तांबटआळी: दीपस्तंभ आहे हो त्यावर! दोन्ही बाजूंचे फोटो टाका, वजनही लिहा.

कुशाणप्रेमी: पुढच्या वेळी हुविष्क.