तुमच्या घरचा रेड फोरमन

दुपारचा चहा
कॉलेजवाली लेक हल्ली 'दॅट सेव्हन्टीज शो' ही अमेरिकन विनोदी मालिका बघते. मी शेंगा सोलत शेजारी, अर्धं लक्ष. त्यातला खडूस बाप रेड फोरमन तळघराचा जिना उतरतो आणि सोफ्यावरची पोरं चिडीचूप. लेक खो खो हसली. मी मात्र पाय खाली घेऊन नीट बसले. पन्नाशीत!

आमचे दादा (वडिलांना दादाच म्हणायचो) पिंपरीला कारखान्यात, घर निगडीला. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की ब्रेकचा आवाज दुसऱ्या मजल्यावर कळायचा. रेडिओ बंद, कॅरमच्या सोंगट्या डब्यात, धाकटा भाऊ थेट भूगोलात. हात कधी उगारला नाही त्यांनी. नुसतं चष्म्यावरून बघत "काय चाललंय?" विचारायचे. या प्रश्नाचं बरोबर उत्तर आम्हा भावंडांना अजून सापडलेलं नाही.

पण या वेळी रेडकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. पहिल्याच सीझनमध्ये त्याचे कामाचे तास कमी होतात, पुढे तो मोटारीच्या पार्टचा कारखानाच बंद पडतो. बायको किटी नर्स, म्हणून घर चालतं. नौदलात राहून, युद्ध बघून आलेला माणूस आणि आता घरी बसलाय. मग तोंडाळ होणार नाही तर काय. दादांच्या कंपनीत संप झाला तेव्हा ते पूर्ण वेळ घरी असायचे आणि आम्ही पोरं पूर्ण वेळ गच्चीवर.

सांगा आपापल्या घरचे किस्से.

पेठेतला पोपट
चेतक.
मालिकेच्या पहिल्या भागात रेड मुलाला, एरिकला, ती लांबलचक व्हिस्टा क्रूझर गाडी देतो, अट एकच, गावाबाहेर न्यायची नाही. पोरगं लगेच मिलवॉकीला. आमच्या अप्पांनी मोठ्या भावाला चेतक दिली तेव्हाची अट होती, स्वारगेटच्या पुढे न्यायची नाही. पोरगं लगेच खडकवासला. अप्पा मात्र रेडच्या वरताण निघाले. रोज रात्री किलोमीटरचा आकडा कालनिर्णयवर लिहून ठेवायचे, दुधाच्या हिशोबाच्या खाली! सकाळी चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "कॉलेज लांब गेलं वाटतं." महिनाभर भाऊ पीएमटीने.

मी_शलाका
पोपटराव 😂😂 दुधाच्या हिशोबाखाली!! कुकर लावलाय, नंतर लिहिते

नदीकाठ
मला तो माणूस बघून हसूच येत नाही. रेडचं काम करणाऱ्या याच कर्टवुड स्मिथला १९८९ च्या 'डेड पोएट्स सोसायटी' सिनेमात बघितलं होतं. मुलाला नाटकात काम करायचंय आणि बाप म्हणतो डॉक्टरच व्हायचं. शेवट माहीत असेल सगळ्यांना. तोच जबडा, तीच नजर. विनोदी मालिकेत मागे हसणारे प्रेक्षक असतात म्हणून बरं वाटतं. आमच्या घरी मागे कोणी हसत नव्हतं. पट्टा खुंटीला असायचा, रोज दिसेल असा. आई मध्ये पडली की तिलाही. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, काय शिस्तीचा माणूस होता.
किस्से वाचतेय सगळ्यांचे. हसा तुम्ही, माझ्यामुळे थांबू नका.

दुपारचा चहा
नदीकाठ, बरं केलंस लिहिलंस. दरारा वेगळा आणि हे वेगळं. एका माळेत ओवायला नको होतं कोणी.

आजीची नात
नदीकाठ 🫂

खडकीकर
रेड नुसता खेकसणारा नाहीये हो. एरिकच्या मित्राला, हाइडला, त्याची आई सोडून जाते तेव्हा त्याला घरी आणतो कोण? हाच. स्वतःच्या पोराला रोज लाथ घालायची धमकी आणि दुसऱ्याच्या पोराला ताट.
आमचे वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत. चाळीत शेजारच्या काकांचं दारूमुळे वाटोळं झालेलं. त्यांचा मुलगा दहावीचं पूर्ण वर्ष आमच्याकडे जेवला, अभ्यासालाही आमच्याचकडे. बाबा त्याच्याशी एक शब्द गोड बोलले नाहीत. "पानात टाकायचं नाही" एवढंच. फी परस्पर भरली, आईलासुद्धा नंतर कळलं. तो आता चिंचवडला असतो, बाबांच्या वर्षश्राद्धाला आमच्या आधी हजर. आणि अजून पानात काही टाकत नाही.

पेठेतला पोपट
खडकीकर, दंडवत तुमच्या बाबांना.

टिंकूची आई
मी मूळ मालिका नाही बघितली, २०२३ ला आलेली पुढची बघितली, नव्वदीतली. त्यात एरिकची मुलगी सुट्टीत आजीआजोबांकडे राहायला येते. आजोबा रेड बराच मऊ झालाय. आमच्याकडे सेम!! ज्या माणसानं मला बारावीपर्यंत पाणीपुरी खाऊ दिली नाही तो सारसबागेच्या चौपाटीवर नातवाला भेळ, वर कुल्फी. मी काही बोलले तर "लहान आहे गं तो." आणि मी काय म्हातारी जन्मले होते का

मी_शलाका
टिंकूची आई +१००. माझे पपा नातीकडून नखं रंगवून घेतात. आम्हाला नेलपॉलिश लावलं की रॉकेलचा बोळा मिळायचा.
(कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, डाळ लापशी झाली. जाऊदे.)

आजीची नात
डाळीत पाणी घालून आमटी कर 😄

दूर_सातासमुद्रापार
मला किटीबद्दल बोलायचंय. ते हसणं! आतल्या आत घाबरलेल्या बाईचं हसणं आहे ते असं मला कायम वाटतं. आमची आई स्वयंपाकघरातून भांडी आपटून सिग्नल द्यायची. एक आपट म्हणजे मूड ठीक. दोन म्हणजे प्रगतिपुस्तक उद्या दाखवा. सही करायची शेवटची तारीख उलटून जायची, आई आपटतच राहायची.

नदीकाठ
दोन आपट 😂 हसले बरं का मी.

चक्रधर
मूळ विषय सोडून विचारतो. पोपट, ती चेतक आहे का अजून? काकांची पडून आहे, ८४ ची. स्पीडोमीटर केबल कुठे मिळेल?

पेठेतला पोपट
नाना पेठेत बघा, स्पेअरवाल्यांची रांगच आहे. दुपारी जाऊ नका, एक ते चार कोणी भेटणार नाही. आमची विकली हो. घेणाऱ्याला अप्पांनी तासभर उलटतपासणी करून मग दिली. लायसन्ससुद्धा बघितलं त्याचं.

चक्रधर
धन्यवाद. शनिवारी जातो. पार्किंग मिळेल का तिथे?

खडकीकर
नाना पेठेत पार्किंग?? बसने जा.