मदत हवी आहे : शिशुगृहातल्या मावश्यांच्या पाळ्या

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या दत्तक जाईपर्यंत बाळं सांभाळणाऱ्या एका शिशुगृहात आठवड्यातून तीन दिवस जाते. दूध, कपडे, लसी सगळं वेळच्या वेळी होतं. पण मावश्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात आणि एकीच्या वाट्याला आठ-नऊ बाळं येतात.

त्यात दीड वर्षाचा एक मुलगा आहे. परवा फरशीवर चांगलाच आपटला, कपाळाला टेंगूळ आलं, तरी रडला नाही. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. उठला आणि पाळण्याचा गज धरून डुलत राहिला. घरचं लेकरू पडलं की आधी आईला शोधतं हो! तेव्हापासून मला चैन नाही.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधल्या १३६ बाळांपैकी निम्मी प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवली होती. त्यांची बुद्धी, बोलणं, माणसांशी जुळणारं नातं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सुधारलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणूनच मला घाई वाटते.

दत्तक प्रक्रिया आपल्या हातात नाही. तोवर ठरावीक बाळांना ठरावीकच मावशी, अशी व्यवस्था धुळे, नंदुरबार, भुसावळकडे कुणी केली आहे का? मावशी रजेवर गेली की काय करता?

आणखी एक. आमच्या मावश्या आपसात अहिराणी बोलतात, पण बाळांना आंघोळ घालताना गप्प असतात. ‘शुद्ध बोलता येत नाही’ म्हणतात. मी सांगते, अहिराणीतच भरभरून बोला. बालरोगतज्ज्ञ किंवा वाचा-उपचार करणारं कुणी असेल तर कृपया मावश्यांना समजेल असं दोन ओळींत लिहून द्या, मी वाचून दाखवीन.