ब्लडस्टेन्ड: कर्स ऑफ द मून – कॅज्युअलवर खेळलं तर पाप लागेल का?

अमावस्या_स्पेशल:
हा जुन्या धाटणीचा उड्या-मारामारीचा व्हिडिओ गेम सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. पहिली ट्रेनवाली स्टेज एकदम भारी गेली, पण आता चौथ्या स्टेजला दोन रात्री एकाच खड्ड्यात पडतोय. म्हणजे उडी बरोबर बसते हो, पण हवेत असताना समोरून काहीतरी उडत येतं, लागतं आणि आपला माणूस मागे फेकला जाऊन सरळ खाली. व्हेटरनवर, म्हणजे अवघड लेव्हलवर सुरू केलाय. कॅज्युअल या सोप्या लेव्हलमध्ये म्हणे हा मागे फेकायचा प्रकार नाही आणि लाइफ पण अनलिमिटेड. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो कॅज्युअल म्हणजे चीटिंग. हा ज्याच्या धर्तीवर आहे तो जुना कॅसलव्हेनिया, ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचा गेम, मी खेळलेलो नाही, लहानपणी आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये काँट्रा, मारिओ आणि तो टँकवाला गेम, संपलं. आलटूनपालटून खेळायची पात्रं तिघंजण आहेत माझ्याकडे. काय करू, नव्याने सुरू करू?

जुना_जॉयस्टिक:
कॅज्युअल नको रे. तो धक्का हाच तर सगळा खेळ आहे. १९८६ च्या पहिल्या कॅसलव्हेनियात उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता यायची नाही, त्यात ती मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत यायची आणि बरोबर खड्ड्याच्या तोंडाशी गाठायची. म्हणून उडी मारायच्या आधी थांबून बघायची सवय लागते. धक्का काढला की माणूस नुसता धावत सुटतो, मग राहतं काय, जांभळं आकाश आणि ऑर्गनचं म्युझिक.
आणि हा गेम मुख्यतः ज्याला सलाम करतो तो तिसरा भाग, १९८९ चा. त्यात ट्रेव्हर या हिरोबरोबर एका वेळी एकच साथीदार नेता यायचा, इथे सगळी वरात बरोबर. आधीच एवढी सूट दिलीय, अजून किती पाहिजे?

वडापाव_मोड_ऑन:
झालं यांचं सुरू 😄 अहो ज्या गेमवाल्या इगाराशीच्या नावावर हे सगळं उभं आहे त्याचा १९९७ चा कॅसलव्हेनिया, सिम्फनी ऑफ द नाइट आठवा, त्यात लेव्हल वाढवून वाढवून आमच्यासारखे ढ लोक पण किल्ला पार करायचे. तेव्हा कोणी चीटिंग म्हटलं नाही. हा छोटा गेम तर २०१५ च्या किकस्टार्टरमध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गणीत, ठरलेल्या रकमेच्या वर पैसे जमले म्हणून कबूल केलेला बोनस, बनवला इंटी क्रिएट्सने, आणि आला मोठ्या गेमच्या (ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट) एक वर्ष आधी, २०१८ ला. बोनसवर कसली आलीय सोवळ्याओवळ्याची भांडणं. ऑफिसातून साडेआठला घरी येणाऱ्या माणसाने कॅज्युअल लावावा, जेवावं, झोपावं.

चाबूकवाली_मावशी:
दोघं भांडा, मी त्याच्या खड्ड्याचं बघते. गेबेल आहे ना तुझ्याकडे? वटवाघूळ होऊन उडत जा की वरून. फक्त त्याला वेपन पॉइंट लागतात, म्हणून मेणबत्त्या फोडून जमलेले पॉइंट उगाच दुसरीकडे उधळू नकोस, आणि खड्ड्यापर्यंत गेबेलला जिवंत आण. अवघड जागा मुख्य हिरोने, झांगेत्सूने काढायची, त्याची तब्येत दणकट. उंच उडी आणि लांबचा वार मिरियमचा. एकजण मेला की चेकपॉइंटला परत जातोस पण उरलेले असतात, सगळे गेले तरच एक लाइफ जाते, म्हणजे ज्याची पुढे गरज नाही त्याला पुढे घालायचं, वाईट वाटतं पण चालतं.
पण एक मिनिट. तिघंच कसे? चौथ्या स्टेजपर्यंत चार पाहिजेत. आल्फ्रेड कुठाय?

अमावस्या_स्पेशल:
आल्फ्रेड कोण? दुसऱ्या स्टेजच्या शेवटी तो टोपीवाला म्हातारा होता तो का 😬 बॉस मेल्यावर दिसला, मला वाटलं बॉसचाच दुसरा फॉर्म आहे. तलवार मारली.

चाबूकवाली_मावशी:
अरे देवा. तो साथीदार होता!! बोलायचं असतं त्याच्याशी. मारलास म्हणून त्याबदल्यात झांगेत्सूला एक नवीन स्किल मिळालं असेल बघ, आणि तुझा शेवट पण आता वेगळा होणार.

जुना_जॉयस्टिक:
व्हेटरनवर खेळ म्हटलं होतं, खुनी हो नव्हतं म्हटलं 😂
बाय द वे, पहिल्या कॅसलव्हेनियाची टायटल स्क्रीन बघून घे, कडेला सिनेमाच्या फिल्मसारखी भोकं आहेत. आणि शेवटच्या क्रेडिटमध्ये ‘व्रॅम स्टोकर’ (ड्रॅक्युला लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरवरून), ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ‘ख्रिस्तोफर बी’ (पिक्चरमधल्या ड्रॅक्युलावरून, ख्रिस्तोफर ली). म्हणजे मूळ गेमच आधी भुताच्या पिक्चरांना डोळा मारतो आणि हा त्याला. कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये पहिला आणि तिसरा दोन्ही आहेत.

अमावस्या_स्पेशल:
ठरलं, नव्याने सुरू करतो, व्हेटरनच. म्हाताऱ्याची माफी मागायचीय. धन्स मावशी.

वडापाव_मोड_ऑन:
रविवारी कॅज्युअलवर भेटूच.